समाजसेविका हाताबाहेर जाऊ नये म्हणून

तुमच्या वॉर्डात एखादी समाजसेविका निपजली तर घाबरून जाऊ नका. सुरुवातीला ती निरुपद्रवीच असते. तिचं कौतुक करा, अगदी तोंडभरून करा. कौतुकाला पैसे पडत नाहीत, आणि पुढे तिच्यावर उखडायची वेळ आलीच तर "आम्हीच हिला डोक्यावर चढवून ठेवली" असं म्हणायची सोय राहते.

शिकागोकरांनी ही सगळी प्रक्रिया पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पार पाडलेली आहे, तेव्हा त्यांचाच कित्ता गिरवू. बाईंचं नाव जेन अ‍ॅडम्स. इलिनॉयमधल्या सीडरव्हिलच्या, जन्म 1860 चा, वडील राज्याच्या सिनेटमध्ये, लिंकनशी पत्रव्यवहार असलेले. चांगलं खातंपितं घर. अशा घरच्या शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलीने युरोप बघून यावं, पियानो वाजवावा. ही 1889 च्या सप्टेंबरात एलेन गेट्स स्टार या मैत्रिणीला घेऊन हॉल्स्टेड स्ट्रीटवरच्या एका जुन्या बंगल्यात राहायला गेली. आजूबाजूला इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू, सगळी हातावर पोट असलेली माणसं. तिथे यांनी हल हाऊस नावाचं सेवाकेंद्र काढलं. बालवाडी चालवली, शेजारणींची बाळंतपणं निभावली, तान्ह्यांना आंघोळी घातल्या, मयताची तयारीसुद्धा केली. शहर गहिवरलं, देणग्या आल्या. इथपर्यंत उत्तम. बाई तान्ह्याला आंघोळ घालत असेल तोवर तिला आडवं जाऊ नका.

लक्ष ठेवायचं ते तिच्या प्रश्नांवर. हल हाऊसमधल्या पहिल्याच नाताळात मुलींना गोळ्या-चॉकलेटं वाटायला काढली, तर काही पोरींनी हातच पुढे केला नाही. म्हणाल्या, आम्ही गोळ्यांच्या कारखान्यात कामाला आहोत, आम्हाला ती बघवत नाहीत. सहा आठवडे त्या सकाळी सात ते रात्री नऊ तिथे राबत होत्या. आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? गोळ्या आत ठेवून चिवडा दिला असता. या बाईंनी कायदा मागितला. हल हाऊसमध्येच राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली त्यात पुढे होत्या. 1893 मध्ये कायदा झाला: चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना दिवसाला आठ तास.

अशा वेळी आरडाओरडा करू नये. कोर्टात जावं. दोन वर्षांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ तासांचं कलम रद्द केलं. कारण काय, तर त्याने बाईच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर गदा येते. मत देण्याचा हक्क बाईला नव्हता, पण चौदा तास राबण्याचा होता आणि तो कोणी हिरावून घेऊ नये याची काळजी न्यायमूर्तींनी वाहिली. स्त्रीहक्कांचा इतका सुंदर उपयोग क्वचितच पाहायला मिळतो, कात्रण काढून ठेवा.

एवढ्याने ती थांबणार नाही. ती कचऱ्याकडे वळेल. एकोणिसाव्या वॉर्डात कचऱ्याच्या लाकडी पेट्या भरून वाहत होत्या, पोरं त्यावरच खेळत आणि तापाने फणफणत. तक्रारअर्ज करून झाले. मग बाईंनी वॉर्डाच्या कचऱ्याच्या कंत्राटासाठी चक्क टेंडर भरलं! ते अर्थातच तांत्रिक कारणावरून बाद झालं. (तांत्रिक कारण ही चीज आपलीच आहे असं मला इतके दिवस वाटत होतं.) पण महापौरांनी एक चूक केली. 1895 मध्ये त्यांनी बाईंनाच वर्षाला हजार डॉलर पगारावर कचरा निरीक्षक नेमलं. असली गंमत तुम्ही करू नका. ती मनावर घेते. पहाटे सहाला उठून ती कचऱ्याच्या गाड्यांमागून डेपोपर्यंत जायची. कंत्राटदाराच्या नऊ गाड्या होत्या, तिने तेरा करायला लावल्या, मग सतरा. एका अरुंद गल्लीत तर अठरा इंच कचऱ्याखाली फरसबंदी रस्ता सापडला. पालिकेच्या दप्तरात शोधल्यावर रस्त्याची नोंदही निघाली. वरचा आठ इंच थर मी काढलाय, बाकीचं तुमचं काम, असं म्हणून तिने रस्ते अधिकाऱ्याशी भांडण मांडलं. गल्लीतल्या इटालियन लोकांना मात्र विशेष आश्चर्य वाटलं नाही. तिने नंतर लिहिलंय की, गाडली गेलेली शहरं खणून काढलेली पाहायची त्यांना सवय असावी.

शेजारच्या बायकांना हे बाईमाणसाला न शोभणारं वाटलं. हा मुद्दा फार कामाचा आहे, तो जरूर वापरा. तिच्याकडे उत्तर होतं म्हणा: तापाने पडलेल्याची सेवा करणं बाईला शोभतं, तर ताप जिथून येतो ते साफ करणं का शोभू नये?

खरा इलाज नगरसेवकाकडे असतो. वॉर्डाचे जॉनी पॉवर्स नाताळला घरोघर टर्की वाटत, अंत्ययात्रेला हजर राहत, रेल्वेचे पास मिळवून देत, पोराला नोकरीला चिकटवत. हल हाऊसने त्यांना निवडणुकीत पाडायचा वारंवार प्रयत्न केला आणि दर वेळी पॉवर्सच निवडून आले. बाईंचं मोठेपण असं की त्यांनी मतदारांना शिव्या दिल्या नाहीत. अडीनडीला धावून येणारा माणूस लोकांना आपला वाटतो, हे त्यांनी सरळ मान्य केलं. तुम्ही इतकं मान्य करायची गरज नाही, टर्कीवर भर द्या.

कचऱ्यावरून ती मतापर्यंत पोचतेच. घर कितीही घासून पुसून ठेवा, दूध बाहेरून नासकं येणार, नळाला घाण पाणी येणार, मग आईने नुसतं घर सांभाळायचं म्हणजे काय करायचं? असं तिचं म्हणणं. 1913 मध्ये तिने एक लेख लिहिला, त्यात राज्य बायकांचं आणि मत मागायला आलेत पुरुष. बायका त्यांना गंभीरपणे सांगतात, तुम्हाला लढायची फार हौस, सगळा पैसा युद्धनौकांवर घालाल, यंत्राला जाळी बसवायलाही कां कूं कराल. अशा लेखावर चिडू नये. "बाईंना विनोदबुद्धी चांगली आहे" असं म्हणून पान उलटावं.

शक्य असल्यास तिला पक्षात घ्या. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी घेतलं. 1912 मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला बाईंनी अनुमोदन दिलं, कारण जाहीरनाम्यात स्त्रियांचं मत होतं. दर वर्षी दोन युद्धनौका बांधायचंही होतं. त्या दोन नौका गिळताना फार जड गेलं, असं बाईंनीच कबूल केलंय. आणि दक्षिणेतल्या काळ्या प्रतिनिधींना त्या अधिवेशनात बसू दिलं नाही, तेव्हाही बाई अस्वस्थ झाल्या पण उठून गेल्या नाहीत. मला हे अजून खुपतं. तुम्ही नोंद करून ठेवा, भक्तांना गप्प करायला उपयोगी पडेल.

दोन वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं आणि बाईंनी गिळणं सोडलं. एप्रिल 1915 मध्ये हेगला हजारावर बायका जमल्या, अध्यक्ष ह्याच. मग राजधान्यांमधून फिरून मंत्र्यांना भेटल्या, की बाबांनो, कोणीतरी मध्यस्थी करा. रूझवेल्टनी या शांतता चळवळीला मूर्ख आणि हीन ठरवलं. पण खरं काम केलं ते वर्तमानपत्रांनी. जुलैत कार्नेगी हॉलमधल्या लांबलचक भाषणात त्या ओघात म्हणाल्या की, संगिनीचा हल्ला करण्याआधी सैनिकांना दारू पाजावी लागते असं आम्हाला सांगण्यात आलं. बस्स. तेवढंच उचला, बाकीचं भाषण टाकून द्या. बाईंनी शूर जवानांचा अपमान केला! हल्ली यासाठी पंधरा सेकंदांची क्लिप पुरते, तेव्हा बिचाऱ्यांना छपाईचे खिळे जुळवावे लागत.

1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली तरी बाई बदलल्या नाहीत. देशभक्त महिलांच्या मोठ्या संघटनेने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिलं होतं, ते काढून घेतलं. बाई म्हणाल्या, मला वाटलं होतं ते तहहयात आहे, पण ते चांगल्या वागणुकीपुरतंच होतं असं दिसतं. सरकारने फाइल उघडली. तुम्हीही उघडा, जागा फार लागत नाही.

मात्र सत्कार विसरू नका. वेळ तेवढी नीट निवडा: बाई सत्तरी ओलांडलेली आणि अंथरुणाला लागलेली असावी. 1931 चं शांततेचं नोबेल ज्या दिवशी दिलं गेलं, त्याच दिवशी त्या बाल्टिमोरच्या इस्पितळात दाखल होत होत्या. तरीही खबरदारी म्हणून ते अर्धंच दिलेलं बरं. उरलेलं अर्धं मिळालं कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांना. त्यांच्याच विद्यापीठाने 1917 मध्ये युद्धाला विरोध करणाऱ्या प्राध्यापकांना घरी बसवलं होतं. समतोल साधावा तर असा.

1935 मध्ये बाई गेल्या. पुढे 1960 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या आवारासाठी हल हाऊसच्या तेरापैकी बहुतेक इमारती पाडल्या, मूळ बंगला आणि जेवणघर तेवढं राखलं. तिथे आता संग्रहालय आहे. आणि 2007 मध्ये ओहेअर विमानतळाजवळून रॉकफर्डकडे जाणाऱ्या महामार्गाला त्यांचं नाव दिलं. टोल लागतो. शिकागोजवळच्या शॉमबर्गकडच्या मराठी घरांमध्ये उन्हाळ्यात आई-बाबा आले की त्यांना याच रस्त्याने घरी आणतात. पाटी वाचून मागच्या सीटवरून बाबांनी विचारलंच, "ही जेन अ‍ॅडम्स कोण रे?", तर गाडी चालवता चालवता सांगा: होती एक, गरिबांच्या बाळांना आंघोळ घालायची.