फोटोत लपवलेला मजकूर आणि रिकामं होणारं खातं : एका आक्षेपाला उत्तर

सर, नमस्कार.

फोटोत मजकूर कसा लपवतात, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत. चोराच्या हाती जामदारखान्याच्या चाव्या दिल्यात, असं आपलं म्हणणं. गुड मॉर्निंगचा फोटो उघडला की खातं रिकामं होतंय आणि तुम्ही वर असलं शिकवताय, लेख काढून टाका, असंही लिहिलंत. शेवटी विचारलंत की आपल्या फोनमधला फोटो तपासायचा कसा.

आधी भीतीचं बोलू, कारण ती खरी आहे पण तिचा रोख चुकलाय.

रंकाळ्यावरच्या संध्याकाळचा एक फोटो घ्या. पाण्यावरचा एखादा ठिपका, म्हणजे पिक्सेल, तीन आकड्यांचा असतो: लाल 94, हिरवा 121, निळा 136. प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला. लपवणारा एवढंच ठरवतो की विषम आकडा म्हणजे 1 आणि सम म्हणजे 0. ‘क’ हे अक्षर संगणकात 24 बिटांचं, म्हणजे 24 वेळा 0 किंवा 1, सुरुवात 111 ने. म्हणून 94 चा 95 केला, 121 तसाच ठेवला, 136 चा 137 केला. रंगातला हा फरक कुणाच्याही डोळ्याला दिसत नाही. असे आठ पिक्सेल झाले की एक अक्षर बसलं. 1600 बाय 1200 च्या फोटोत या हिशेबाने 2,40,000 अक्षरं मावतात.

आता सांगा, यात खातं रिकामं करणारं काय आहे? ते नुसते सम-विषम आकडे. ते वाचून त्यावर काही करणारा दुसरा प्रोग्रॅम फोनमध्ये आधीच बसलेला नसेल, तर तो मजकूर तिथेच पडून राहतो. शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की ते त्याचा आकार कमी करून पुन्हा जेपीईजी, म्हणजे दाबून साठवलेला फोटो, बनवतं. त्यात हे नाजूक सम-विषम पार विस्कटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच फाइल जशीच्या तशी जाते.

फोटो उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच खोट असेल, तर मात्र मुद्दाम बिघडवलेली फाइल घात करू शकते. 2023 मध्ये वेबपी या प्रकारचे फोटो वाचणाऱ्या कोडमध्ये अशी गंभीर खोट निघाली आणि क्रोमसकट अनेक ब्राउझर घाईने अपडेट करावे लागले. त्यावर उपाय अपडेटचा, फोटोंना भिण्याचा नाही.

पैसे जातात ते बहुतेकदा वेगळ्याच वाटेने. पेठेतल्या तालमीच्या ग्रुपवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी एपीके असतं. माणूस ती इन्स्टॉल करतो, एसएमएस वाचायची परवानगी देतो आणि ओटीपी पलीकडे जातो. ती पत्रिका नाही, फोटो नाही, ते ॲप आहे. फोटोला भिणारा माणूस ही पत्रिका बिनधास्त उघडतो, याचंच मला वाईट वाटतं. कुणाचं असं झालं असेल तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला सांगा.

आता चाव्यांचं. या चाव्या माझ्या लेखाच्या कितीतरी आधीपासून बाहेर आहेत. नुसते सम-विषम बदलून लपवलेलं कसं पकडायचं, हे वेस्टफेल्ड आणि फित्झमन या संशोधकांनी 1999 मध्येच दाखवलं: असा फोटो गच्च भरला की 94 आणि 95 सारख्या जोडीतल्या दोन्ही आकड्यांची संख्या जवळपास सारखी होते, साध्या फोटोत ती तशी नसते. लपवण्याची रीत उघड होती म्हणूनच ही खूण सापडली. 2001 मध्ये दहशतवादी फोटोंतून निरोप धाडतात अशा बातम्या आल्या, तेव्हा मिशिगन विद्यापीठातल्या प्रोव्होस आणि हनीमन यांनी ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवरचे वीस लाख फोटो तपासले. लपवलेला एकही संदेश मिळाला नाही. म्हणजे कुणी वापरतच नाही असं नव्हे. 2010 मध्ये अमेरिकेत पकडलेल्या रशियन हेरांनी फोटोत मजकूर लपवायची रीत वापरली होती. त्यांच्याबाबत झडतीत कागदावर लिहून ठेवलेला 27 अक्षरांचा पासवर्ड तपासनिसांच्या हाती लागला. तपास करणाऱ्यालाही ही रीत ठाऊक असावी लागते, ती यासाठी. म्हणून लेख मी काढणार नाही. एपीकेचा परिच्छेद मात्र त्यात आजच वर घालतो.

राहिला आपला प्रश्न. नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही. मूळ फोटो मिळाला तर दोन्ही फाइलींचे आकडे ताडून पाहता येतात. मूळ नसेल तर सॉफ्टवेअर फार तर संशय दाखवतं, खात्री देत नाही. फोटो हवाय पण मनात शंका आहे, तर तो लहान करून जेपीईजीत पुन्हा सेव्ह करा आणि जुनी फाइल पुसून टाका. वर सांगितलेल्या रीतीने लपवलेलं काही असेल तर ते त्यात टिकत नाही.