म्हाताऱ्या बोक्याचं इन्सुलिन : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

मांजरं पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: म्हाताऱ्या मांजराला मधुमेह निघाला तर इन्सुलिनच्या सुया टोचून त्याला छळू नका. गोड बंद करा, दूध-भातावर ठेवा, कारल्या-मेथीची पूड द्या. एखाद्या दिवशी शुगर फारच वाढली तर घरातल्या माणसाचं इन्सुलिन वजनाच्या हिशोबाने द्या. आणि आता गोळ्या निघाल्या आहेत, त्या मागवल्या की सुईची कटकटच नाही.

आमचा बोका बाळू 14 वर्षांचा आहे आणि दोन वर्षं इन्सुलिनवर आहे, म्हणून मला हा मेसेज तिघांनी पाठवला. तिघांनीही काळजीपोटी पाठवला. पण त्यातल्या सल्ल्याने मांजराचा जीव जाऊ शकतो, तेव्हा गप्प बसणं मला जमणार नाही.

सगळ्यात घातक भाग आधी घेते: 'घरातल्या माणसाचं इन्सुलिन चालतं.' यात अर्धं सत्य आहे. मांजरांना दिलं जाणारं ग्लार्जिन हे मुळात माणसांचंच इन्सुलिन; बाळूला तेच चालू आहे. पण 'माणसांचं इन्सुलिन' म्हणजे एकच काहीतरी नव्हे. आमच्या फ्रीजच्या दारात दोन बाटल्या असतात. आईची 30/70 ची, म्हणजे मिश्र इन्सुलिनची, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. बाळूची ग्लार्जिनची, एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट. आईच्या सिरिंजला लाल टोपण, बाळूच्या सिरिंजला केशरी. मी दोन दिवस गावाला गेले होते तेव्हा भावाने बाटली बाळूची घेतली आणि सिरिंज आईची. औषध अगदी काळजीपूर्वक एकच्या रेघेपर्यंत भरलं. आईचं लक्ष लाल टोपणाकडे गेलं म्हणून थांबलं.

ती एक रेघ म्हणजे किती? 40 च्या सिरिंजवरची एक रेघ म्हणजे मिलिलिटरचा चाळिसावा भाग. 100 च्या बाटलीतून तेवढं औषध ओढलं तर त्यात अडीच युनिट येतात. चार किलोच्या मांजराला सुरुवातीला साधारण 1 युनिट, बारा-बारा तासांनी देतात. म्हणजे एका चुकीच्या टोपणाने अडीचपट डोस. उलटी चूक झाली, 40 ची बाटली आणि 100 ची सिरिंज, तर एका रेघेत जेमतेम 0.4 युनिट जातं आणि घरचे विचारात पडतात की औषध लागू का पडत नाही.

शिवाय आईचं 30/70 बाळूला योग्य सिरिंजने दिलं तरी ते बाळूसाठी नाही. त्यातला एक भाग झटकन काम करणारा आहे, आणि उरलेला मांजराच्या अंगात बारा तास पुरत नाही. आधी साखर धाडकन खाली, मग पुन्हा वर. आणि 'वजनाच्या हिशोबाने' म्हणजे कुणाच्या हिशोबाने? माणसाच्या डोसला मांजराच्या वजनाने भागून येणाऱ्या आकड्याला काहीच आधार नाही.

साखर फार खाली गेल्याची लक्षणं प्रत्येकाला पाठ हवीत: अचानक भूक, मलूलपणा, झोकांड्या, एकटक शून्यात पाहणं, शेवटी झटके. अशा वेळी मध, साखरेचा पाक किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोज पावडर बोटाने हिरड्यांना चोळायची. झटके येत असतील तर तोंडात काही ओतायचं नाही, बोटही दातांमध्ये घालायचं नाही. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्यायचं, आणि डॉक्टरांकडे निघायचं. आमच्याकडे फ्रीजवर मधाची छोटी बाटली याच कामासाठी ठेवलेली असते.

पुढचं वाक्य: 'शुगर जास्त दिसेल त्या दिवशीच द्या.' वाचायला शहाणपणाचं वाटतं, पण मांजराच्या मधुमेहाचा सगळा गोंधळ इथेच होतो. मांजर घाबरलं की त्याची साखर चढते. टोपलीत कोंबून रिक्षातून दवाखान्यात नेलेल्या निरोगी मांजराची साखरही 300 च्या पुढे जाऊ शकते. त्या एका आकड्यावर डोस वाढवला तर घरी शांत झोपलेल्या मांजराला तो झेपेलच असं नाही. ग्लार्जिनचा डोस बदलला की परिणाम स्थिरावायला काही दिवस जातात. रोज कमी-जास्त केलं तर कशामुळे काय झालं ते डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.

डोस ठरतो तो दिवसातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावरून. त्यासाठी घरीच दर दोन तासांनी साखर मोजून बारा तासांचा आलेख करतात. कानाच्या कडेला छोटीशी टोचणी, रक्ताचा एक थेंब, पट्टीवर. खालचा आकडा साधारण 80 ते 150 च्या दरम्यान राहिला तर डोस बरोबर बसलाय. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, त्यामुळे कोणत्या यंत्रावर मोजलं हे डॉक्टरांना सांगायचं आणि दरवेळी तेच यंत्र वापरायचं. इन्सुलिन मात्र रोजचं, ठरल्या वेळेला. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. मांजर जेवलं नाही, उलटी झाली, किंवा सुईआधीचा आकडा नेहमीपेक्षा बराच खाली दिसला, तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. बाळूच्या दोन वर्षांत असे सहा-सात फोन मी केलेत, पहाटेसुद्धा.

आणि छळाचं म्हणाल तर ही सुई केसाएवढी बारीक असते. बाळू ताटलीत तोंड घालून खात असतो तेव्हा मी मानेमागची किंवा कुशीची कातडी चिमटीत धरते आणि टोचते. तो मान वर करत नाही. निदान झालं तेव्हाची त्याची अवस्था मात्र खरा छळ होती. दिवसभर पाण्याच्या भांड्याशी बसून, ट्रेमध्ये लघवीने भिजलेल्या वाळूचे नारळाएवढे गोळे, सतत भुकेला आणि तरीही पाठीचे मणके हाताला लागणारे. मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायचा. मधुमेहात नसा दुखावल्या की मांजरं अशी चालतात. आम्ही त्याला म्हातारपण समजलो. साखर ताब्यात आल्यावर काही महिन्यांनी तो पुन्हा खिडकीच्या कट्ट्यावर चढला. वय झालंय म्हणून उपचार नकोत, हे म्हणणं मला त्या दिवसापासून ऐकवत नाही.

म्हाताऱ्या मांजरात एक खरी अडचण असते. मूत्रपिंड, थायरॉइड, किडलेले दात, लघवीतला संसर्ग यांतलं काही ना काही सोबतीला असतं, आणि त्यामुळे साखर इन्सुलिनला दाद देईनाशी होते. डोस चढवत जाण्याआधी ते शोधायला हवं.

'गोड बंद करा, दूध-भात द्या.' मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणाऱ्या संवेदकाचं जनुक मांजरांत निकामी आहे, हे 2005 मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. बंद करायचं ते पिष्ट, म्हणजे नेमका तो भात आणि ती दुधात कुस्करलेली पोळी, जी आपल्याकडे मांजराचं जेवण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मांजर मांसाहारी प्राणी. त्याला प्रथिनं हवीत. फक्त एक सांभाळा: इन्सुलिन चालू असताना जेवणातलं पिष्ट एकदम कमी केलं तर तोच डोस जास्त ठरू शकतो. आहार बदलायचा तो डॉक्टरांना सांगून. चांगला आहार आणि लवकर सुरू केलेलं इन्सुलिन यांमुळे काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही. कारल्या-मेथीच्या नादात नेमका तोच सुरुवातीचा काळ हातचा जातो, आणि कडू पुडीने मांजराने जेवण सोडलं तर यकृतावर चरबी चढून वेगळंच संकट उभं राहतं.

गोळ्या खरंच आल्या आहेत. अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला डिसेंबर 2022 मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन या तोंडाने द्यायच्या द्रावणाला 2023 मध्ये मान्यता मिळाली. पण दोन्ही औषधं आधी इन्सुलिन न घेतलेल्या आणि एरवी धडधाकट मांजरांसाठी आहेत. इन्सुलिनवरच्या मांजराला त्यांवर आणलं तर रक्तात कीटोन (चरबी जळताना बनणारी आम्लं) साचून ते दगावू शकतं, आणि फसवं हे की त्या वेळी साखरेचा आकडा फारसा वाढलेलाही नसतो. बाळूसारख्यांसाठी ती नाहीत.

तुम्ही तो मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच लोकांना लाल आणि केशरी टोपणाचं तेवढं कळवा. त्यांच्याही फ्रीजच्या दारात दोन बाटल्या असू शकतात.