लांबची क्रूझ बुक केलीय? मग पहिले तीन-चार दिवस मोकळे ठेवा

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. महिना-दोन महिन्यांच्या क्रूझला निघणारे लोक भेटले की सगळे प्रश्न कुठल्या बंदरात काय बघायचं एवढ्यावरच असतात, पहिल्या तीन-चार दिवसांचं कुणीच विचारत नाही. आणि माझं अगदी ठाम मत आहे की लांबचा प्रवास अंगी लागणार की अंगावर येणार हे त्याच दिवसांत ठरतं.

आठवड्याभराच्या क्रूझमध्ये धावपळ केली तर चालते, कारण संपणारच असते. पण इथे आपण जहाजावर राहायला जातोय, राहायला! आणि लोक काय करतात, तर पहिल्या संध्याकाळपासून कार्यक्रमांचा कागद हातात घेऊन शो, डान्स क्लास, लेक्चर, जिम सगळं उरकत सुटतात आणि तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये आडवे. शरीराला त्या वेळात एक मोठं काम चालू असतं, ते म्हणजे हलणाऱ्या जमिनीची सवय करून घेणं, त्याला तेवढी उसंत तरी द्या.

बोट लागते ती का? कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, या दोघांचं जमत नाही म्हणून मळमळतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जमून जातं. तोवर जहाजाच्या मधोमध आणि खालच्या डेकवर जास्त वेळ काढा, तिथे हेलकावे सगळ्यात कमी असतात, उघड्यावर येऊन क्षितिजाकडे बघा, मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवा, आणि पोट अगदी रिकामं नको, गच्च भरलेलंही नको. गोळ्या घ्यायच्या तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घेतलेल्या जास्त उपयोगी पडतात, पण डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा कारण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात ना, मग कशाला काळजी, असं लोक म्हणतात. ते डावं-उजवं डुलणं कमी करतात हे खरं, पण समोरून लाटा आल्या की पुढचं टोक वर-खाली होतं त्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून अगदी पुढची, अगदी वरची केबिन नुसत्या व्ह्यूसाठी घेऊ नका असं मी कळकळीने सांगते. आणि बोट लागली म्हणून मनाला लावून घेऊ नका, चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून जग फिरला आणि त्याला शेवटपर्यंत बोट लागत होती.

आता सेफ्टी ड्रिल. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आणीबाणीचा इशारा पाठच करा. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आपटून कलंडलं, ३२ माणसं गेली, आणि त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांत केलं तरी चालायचं. नंतर नियम बदलला, आता ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर लगेच व्हावं लागतं. हल्ली बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ बघून आणीबाणीत जमायच्या आपल्या जागेवर जाऊन हजेरी लावली की झालं, पण तेवढ्यावर थांबू नका हो. केबिनपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालत जा, वाट पायांना माहीत पाहिजे, आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते.

हात साबणानेच धुवा, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर तितकासा चालत नाही, आणि पहिल्याच आठवड्यात आजारी पडलात तर केबिनमध्ये वेगळं बसवतात.

घड्याळाचं कुणी सांगत नाही. दर १५ रेखांशांना एक तास बदलतो, म्हणजे पश्चिमेकडे जाताना अधूनमधून २५ तासांचा दिवस मिळतो आणि पूर्वेकडे जाताना २३ तासांचा, रात्रीतून तासभर झोप कापली जाते. लागोपाठ दोन-तीन दिवस असं झालं की माणूस चिडचिडा होतो आणि समजतो की आपल्याला क्रूझच आवडत नाहीये! निवड हातात असेल तर पश्चिमेकडे जाणारा प्रवास घ्या.

आणि ते उदास वाटणं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चारी बाजूंना पाणी, ३० मीटर उंचीच्या डेकवरूनही क्षितिज जेमतेम २० किलोमीटरवर, तेच वर्तुळ दिवसभर, आपण पुढे जातोय असं वाटतच नाही. बऱ्याच जणांना होतं हे, घाबरू नका. दुपारी कॅप्टन स्पीकरवरून जहाज कुठे आहे, वेग, वारा, खोली सांगतो ते मन लावून ऐका आणि कागदी नकाशावर रोज एक टिंब काढा. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर फक्त, पण रात्रंदिवस चालून २४ तासांत जवळपास ८९० किलोमीटर होतात, आणि खाली चार-चार हजार मीटर पाणी असतं. हे एकदा डोक्यात बसलं ना की तेच रिकामं पाणी बघण्यात तास जातो, मला तर लांबच्या क्रूझचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटतं, बंदरं नंतर.

म्हणूनच रूट निवडताना सुरुवातीलाच सलग तीन-चार दिवस समुद्र असलेला निवडा. पहिल्या आठवड्यात रोज नवं बंदर असलं की रोज उतरा, फिरा, दमून परत या, यात जहाजाची सवय व्हायला वेळच मिळत नाही, आणि मग खरा मोठा समुद्र लागतो तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.