हँडल कोण दुमडणार?

रुग्णाचा पलंग बनवणाऱ्या माणसाने रात्रीच्या अंधारात त्या पलंगाभोवती एक तरी चक्कर मारलीय का हो? पायथ्याशी बाहेर आलेली ती हँडलं! एकाने पाठ उचलते, दुसऱ्याने गुडघे. कुठलं कशाचं, हे कोडंच. अडीच वाजता बाबांना धाप लागली की मी घाईघाईने फिरवतो, आणि वर काय येतं? गुडघे! काम झाल्यावर हँडल आत कोण दुमडणार? कुणीच नाही. माझी नडगी आहेच की.

बरं, पाठ वर केली की माणूस घसरत खाली. आधी गुडघे थोडे उचलायचे, मग पाठ, म्हणजे घसरत नाही आणि कातडी ओढली जात नाही. एवढं तरी पलंग पोचवणाऱ्याने सांगावं? छे! सही घेतली आणि पळाला. चाकांचे ब्रेक दाखवायलाही थांबला नाही.

आणि पडून पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली ती हवेची गादी! पंपावरचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. इथे येणारा प्रत्येक पाहुणा "जरा कडक बरी" म्हणत ते फिरवून जातो. वर ताणलेली चादर, तिच्यावर प्लास्टिक, त्यावर घडी घातलेली रजई. मग आतल्या हवेने करावं काय, डोंबल? वर अक्कल शिकवतात, "गादी आहे ना, मग दर 2 तासांनी कूस कशाला बदलता?" गादी काय हात धरून कुशीवर वळवते?

थांबा, पंप परत कोकलतोय. नक्की कुणीतरी नळीवर पाय देऊन उभं आहे.