घरच्या देव्हाऱ्याविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय वाचक,

कंबोडियातील अंगकोर वाट या मंदिरावरील माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. मंदिराच्या पश्चिम गोपुरातील अष्टभुज विष्णूला तिथल्या बौद्ध ख्मेर स्त्रिया उदबत्ती लावतात, त्याला पिवळे रेशमी वस्त्र नेसवतात, हे पाहून मला भरून आले, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, चार दिवसांच्या सहलीत श्रद्धा कळत नाही, मंदिराची दिशा मी चुकीची दिली, बुद्धमूर्तींची तोडफोड मी लपवली आणि ‘घरच्या देव्हाऱ्याशी नाते तुटलेली मुले परदेशात जाऊन श्रद्धा शोधतात.’

दिशेची चूक मला मान्य आहे. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे आणि त्याच्या शिखरांमागून उगवणारा सूर्य स्वतः पाहूनही मी ‘पूर्वाभिमुख’ लिहिले. दुरुस्ती केली आहे, आभार. सहल मात्र नऊ दिवसांची होती.

आता देव्हाऱ्याविषयी. माझ्या घरात कोणता देव आहे, हे आपण एका शब्दाने विचारले नाही आणि थेट निकाल दिलात. मी वरळी कोळीवाड्यातली आहे. आमची कुलस्वामिनी कार्ल्याची एकवीरा. चैत्रात पालखीबरोबर माझी आजी गुडघे दुखत असतानाही वयाच्या सत्तरीपर्यंत चालत गेली आणि शेवटच्या दोन वर्षी तिचा हात धरून मी चालले. ज्यांनी ही वाट कधी तुडवली नसेल, त्यांनी माझ्या नात्याचे मोजमाप करू नये.

कार्ल्याला गेलेल्या कुणालाही ठाऊक असेल की, आईचे देऊळ बौद्ध चैत्यगृहाच्या अगदी दारात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या लेण्यात दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे त्या काळच्या ग्रीकांची, नावे खांबांवर आहेत. एकाच कातळापाशी एकीकडे ओटी भरली जाते, नवस फेडले जातात आणि चार पावलांवर स्तूप उभा आहे. लहानपणी मी आजीला विचारले होते की, हा कुणाचा देव? ती म्हणाली, ‘आईच्या शेजारचा आहे, त्यालाही हात जोड.’ मी जोडले. इतिहासाच्या पदवीला जे पुढे शिकले, ते मला त्या दिवशी अर्धे कळले होते, असे मी आजही मानते.

म्हणूनच बाराव्या शतकात ख्मेर राजा दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी उभारलेल्या आणि पुढे बौद्धांच्या झालेल्या त्या मंदिरात, उदबत्त्यांच्या धुरात उभी असताना मला परके वाटले नाही. पूर्वेच्या भिंतीवरचे, जवळजवळ ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन मी आजीला फोनवर दाखवले, तेव्हा कोणी न सांगता तिने वासुकी ओळखला. आपण ज्याला नाते तुटणे म्हणता, ते तुटले असते तर त्या ख्मेर बाईच्या जोडलेल्या हातांत मला आजीचे हात दिसलेच नसते.

आपले वय माझ्या दुप्पट आहे, असे आपण लिहिता. त्या वयाचा मान मी ठेवते. परंतु ‘हल्लीची मुले’ म्हणून एका संपूर्ण पिढीला झोडपणे म्हणजे टीका नव्हे. आपण माझी चूक दाखवलीत तिथेच थांबला असता, तर हे उत्तर दोन ओळींत संपले असते. अनोळखी मुलीच्या घरात न बोलावता शिरून तिच्या देवाची झडती घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

राहिला बुद्धमूर्तींचा मुद्दा. बौद्ध ख्मेर राजा सातव्या जयवर्मनच्या काळातील बुद्धप्रतिमा तेराव्या शतकात छिन्नीने खरवडल्या गेल्या आणि अभ्यासक त्याचा संबंध बहुधा नंतरच्या राजा आठव्या जयवर्मनशी जोडतात, हे मला ठाऊक आहे. माझा लेख आजच्या पूजेविषयी होता. प्रत्येक लेखात सारा इतिहास भरावा, ही अपेक्षा मला मान्य नाही; न लिहिणे आणि लपवणे यांत फरक आहे. ‘लपवले’ हा शब्द आपण मागे घ्यावा.

आमची पालखी यंदाही चैत्रात निघेल. आजी आता चालू शकत नाही, त्यामुळे तिची ओटी मी नेणार आहे. येण्याची इच्छा असल्यास जरूर या.