कर्ज कुणाचं, आणि तक्रार कुणाकडे?

सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं, "जागतिक बँकेचे दिवस भरले, ब्रिक्सची बँक आली!" खाली धडाधड अंगठे.

काका, ती येऊन दहा वर्षं झाली. 2014 मध्ये ब्राझीलला फोर्टालेझात करार झाला, ऑफिस शांघायला, पहिले अध्यक्ष आपले बँकर के. व्ही. कामत. ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या पाचही संस्थापकांचं भांडवल सारखं, मत सारखं, नकाराधिकार कुणालाच नाही. हे मला मनापासून आवडतं. जागतिक बँकेची जुळी संस्था असलेल्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांहून जास्त आहेत. तिने मान हलवली नाही की विषय संपला. आपल्याकडे तीन टक्केही नाहीत. 1944 मध्ये या दोन्ही संस्था जिथे ठरल्या त्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आणि मंडळी भारताचा कोटा (म्हणजे निधीतला हिस्सा, त्यावरच मतं ठरतात) वाढवून मागत होती, यावरून काय ते समजा.

पण ब्रिक्सच्या बँकेचं 'अटी नसलेलं कर्ज' म्हणून कौतुक सुरू झालं की मी अडतो.

मुंबईच्या लोकल आणि रस्त्यांसाठी 2002 मध्ये जागतिक बँकेचं कर्ज आलं. रुळांकडेच्या झोपड्या, रस्त्यात येणारी दुकानं उठली, लाखभर माणसं हलवली गेली. कुर्ल्याच्या दुकानदारांनी थेट बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली. चौकशी झाली आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते-पुनर्वसनाचा पैसा रोखला. जूनमध्ये सोडला. सगळं आलबेल झालं असं मुळीच नाही. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये जाऊन बघा, तळमजल्यावर भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. तरी कुर्ल्याचा अर्ज वॉशिंग्टनमध्ये, बँकेच्या मुख्यालयात, कुणीतरी उघडून वाचला होता.

ब्रिक्सची बँक कर्जदार देशाचेच कायदे आणि यंत्रणा धरून चालते. सरकारच्या दृष्टीने हा स्वाभिमान. उठवलेल्या माणसाच्या दृष्टीने, ज्याने उठवलं त्याच्याच खिडकीवर अर्ज.

बीजिंगच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेने (तिथे मोठ्या निर्णयाला पाऊण हिस्सा मतं लागतात आणि चीनची मतं पाव हिश्शाहून जास्त, म्हणजे नकाराधिकार आहेच) लोकलच्या तिसऱ्या टप्प्याला 50 कोटी डॉलर दिलेत. विरार-डहाणू चौपदरीकरण त्यातलंच. आणि या बँकेकडे प्रकल्पबाधितांसाठी तक्रारीची सोय आहे, बरं का.

डहाणूच्या मावशीला फोनवर हे सांगितलं.

"बीजिंगला? अरे, इथे तलाठी भेटायला चार खेपा होतात."