एक नंबर मेला, हे कोणी ठरवायचं?

आपोआप चालणारं यंत्र विकत घेणाऱ्याला दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. यंत्रानं आपोआप नेमकं काय करायचं, ते आधी आपल्यालाच ठरवून त्याच्या डोक्यात घालावं लागतं. आणि आमच्या कंपनीत ‘आपल्यालाच’ म्हणजे मला. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा द्राक्षबागांच्या फवारणीचे ब्लोअर बनवण्याचा कारखाना आहे. कम्प्युटर, कॅमेरे, हजेरीचं मशीन, साहेबांच्या मोबाइलमधून उडालेले फोटो आणि टेलिफोन ही सगळी खाती माझ्याकडे.

त्यातल्या टेलिफोनला फार मान. ऑक्टोबर छाटणी झालेली असते, बागा कोवळ्या असतात आणि तेवढ्यात अवकाळीची एक सर येते. मग डाऊनी रोगाच्या धास्तीनं निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, सगळीकडचे ब्लोअर एकाच सकाळी बाहेर निघतात. वर्षभर शेडमध्ये झोपलेलं मशीनही नेमकं त्याच सकाळी रुसतं. शेतकरी आम्हाला फोन लावतो. लागला नाही तर तो गाडी काढून थेट गेटवर येतो. साहेबांना या दुसऱ्या प्रकाराची जास्त भीती.

गेल्या हंगामात अशाच एका सकाळी टेलिफोनचा सर्व्हर बसला. त्याच्या शेजारी दुसरा सर्व्हर ठणठणीत होता, खास याच प्रसंगासाठी घेऊन ठेवलेला. पण लाइनींच्या वायरी एकातून उपसून दुसऱ्यात घालायला माणूस लागतो, आणि तो माणूस मावसभावाच्या हळदीला त्र्यंबकला गेला होता. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हळद कशी झाली ते विचारलं नाही. म्हणाले, “हे आपोआप झालं पाहिजे.”

डबा आला. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे, पण पहिल्या दिवसापासून तो सगळ्यांसाठी डबाच. काळा, चपटा, रॅकच्या एका खणात मावणारा. आमच्या लाइनी चार. प्रत्येकीसाठी मागे तीन सॉकेट: एक लाइनीचं, एक एक नंबर सर्व्हरचं, एक दोन नंबरचं. आत प्रत्येक लाइनीमागे रिले. तो ज्या बाजूला कलेल त्या सर्व्हरला लाइन मिळते, आणि कलताना ‘टक्’ असा आवाज होतो. डब्याचीच वीज गेली तर आतली स्प्रिंग सगळे रिले एक नंबरकडे ओढून ठेवते, म्हणजे डबा मेला तरी फोन चालू. बिल मंजूर करताना अकाउंटवाल्या काकांनी मोठ्या उमेदीनं विचारलं होतं, “आणि हा डबाच बंद पडला तर?” स्प्रिंगचं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडला. सहीसुद्धा त्यांनी जरा नाराजीनंच केली.

जोडला, चालू केला आणि चारही लाइनींवर लाल दिवे लागले.

कारण शोधायला अमेरिकेपर्यंत जावं लागलं. तिकडे बेल सिस्टीम या टेलिफोन कंपनीनं १९६२ साली डिजिटल टेलिफोन लाइन वापरात आणली, ती एकाच वेळी २४ संभाषणं नेणारी. तिचं नाव टी-वन. युरोपनं आपली वेगळी चूल मांडली: ३२ कप्पे, त्यातले ३० बोलण्याचे. शून्याव्या कप्प्याचं काम कोणता कप्पा कुठून सुरू होतो ती चौकट जुळवून धरण्याचं, आणि सोळाव्याचं कोण कोणाला फोन करतंय, कोणी उचलला, कोणी ठेवला ही उठाठेव करण्याचं. प्रत्येक कप्पा सेकंदाला ६४ किलोबिटचा, म्हणून अख्खी लाइन २,०४८ किलोबिटची. तिला म्हणतात ई-वन. भारतानं ही युरोपची घेतली. अमेरिकेची लाइन १,५४४ ची. आमचा डबा अमेरिकन वळणाचा होता. आमच्या लाइनीत तो २४ कप्पे शोधत बसला होता आणि सापडत नाहीत म्हणून लाल होत होता.

ते बदलायचं तर डब्याच्या पोटात डिप स्विच नावाचे आठ पांढरे दात आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. ते बोटानं हलत नाहीत. स्क्रूड्रायव्हरनं हलतात, पण एकाला ढकललं की शेजारचाही हलतो. शेवटी कॅन्टीनमधली दात कोरायची काडी कामाला आली. कंपनीच्या मदत केंद्रावरचा मुलगा तोवर मला डबा बंद करून चालू करायला सांगत होता. त्याचं ते वाक्य संपेपर्यंत दात फिरवून झाले.

पुढचं झेंगट वायरीचं. लाइनवाल्यांनी भिंतीवर जो मोडेम ठोकलाय त्यातून गोल पिनांच्या दोन केबली निघतात, ७५ ओहमच्या. एक जाणारी, एक येणारी. डब्याची सॉकेट १२० ओहमची, चौकोनी. मध्ये बलून लागतो. बलून म्हणजे एका बाजूला गोल पिन, दुसऱ्या बाजूला चौकोनी सॉकेट आणि पोटात छोटा ट्रान्सफॉर्मर. मी एमजी रोडला गेलो.

“बलून पाहिजे. पंचाहत्तर ते एकशेवीस ओहम.”

“कॅमेऱ्याचा ना?”

“टेलिफोनचा.”

“तोच तो. सगळे तोच नेतात.”

“सगळे कशाला नेतात?”

“कॅमेऱ्याला.”

एवढ्या सरळ माणसाशी वाद घालता येत नाही. बलून शेवटी मुंबईहून कुरिअरनं मागवला.

आता मुख्य गोष्ट. दिवे हिरवे झाले, आणि डब्यानं स्क्रीनवर मला एक साधा प्रश्न विचारला: एक नंबर मेला असं कधी समजायचं?

या खात्याचा इतिहासच मयतापासून सुरू होतो. ऑटोमॅटिक एक्स्चेंजचं पेटंट १८९१ साली ज्याला मिळालं तो आल्मन स्ट्रोजर कॅन्सस सिटीत अंत्यविधीची व्यवस्था लावायचा धंदा करायचा. गोष्ट अशी सांगतात की गावातल्या एक्स्चेंजवरची बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातली होती, आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती गुपचूप तिकडे जोडून द्यायची. मयत याच्या ओळखीत, सामान त्याच्या दुकानातून. वैतागून यानं मधली बाईच नको असं यंत्र काढलं. आमच्या ऑपरेटर मॅडमना मी हे सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्या बाईला पगार किती होता?”

तर मेला कधी समजायचं? डब्याची पद्धत अशी की सर्व्हरनं त्याला दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप पाठवायचा. निरोप थांबला की ठरलेले सेकंद वाट बघायची, आणि मग टक्. ऐकायला छान आहे. पण चाचणीच्या आठवड्यातच एक नंबरवरचा टेलिफोनचा प्रोग्रॅम गोठला. डायल टोन नाही, घंटी नाही, काही नाही. ‘मी आहे’ मात्र अगदी वेळच्या वेळी, कारण निरोप पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, वेगळी आणि तिला टेलिफोनशी देणंघेणं नाही. कंपनीनं डब्याबरोबर तशीच दिली होती. डबा समाधानी, दिवे हिरवे आणि गेटवर ओझरहून आलेले दोन शेतकरी.

“भाऊ, फोन उचलत जा ना भो,” त्यातला एक म्हणाला. त्याला मी हिरवे दिवे दाखवले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी केला नाही.

आता ती स्क्रिप्ट आधी टेलिफोनच्या प्रोग्रॅमला विचारते, सध्या किती कॉल चालू आहेत? सोळावा कप्पा जागा आहे का? दोन्हीची उत्तरं आली तरच निरोप. शून्य कॉल हेही उत्तर चालतं. गप्प बसणं चालत नाही.

मग सेकंदांचा घोळ. मी आधी वाट बघायची मुदत तीन सेकंद ठेवली होती. त्यानंतर गेटवरच्या मामांच्या रजिस्टरमध्ये नोंदी यायला लागल्या. मामांचं अक्षर वळणदार आहे. ‘रात्रौ २ वा. फोनच्या खोलीत आवाज. जाऊन पाहिले. कोणी नाही.’ दुसऱ्या रात्री तेच, फक्त ‘कोणी नाही’च्या खाली रेघ. तिसऱ्या रात्रीनंतर मामांनी त्या बाजूची फेरी बंद केली आणि दाराच्या कडीला लिंबू-मिरची दिसायला लागली. झालं होतं असं की रात्री दोनला बॅकअप सुरू होतो, तेव्हा सर्व्हर दहा-बारा सेकंद कोणाचंच ऐकत नाही. डबा तीन सेकंद थांबून त्याला मयत ठरवायचा. चार लाइनींचे चार रिले अंधारात टक्-टक्-टक्-टक्.

मुदत किती ठेवायची यावर साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी आलेख दाखवायला लागलो तर साहेब म्हणाले, “गोदावरीला पूर आला की नाशिककर काय करतो? दुतोंड्या मारुतीच्या कितीपर्यंत पाणी लागलं ते बघतो. गुडघ्याला कोणी दुकान हलवत नाही. कमरेला लागलं की फळ्या काढायला घेतो. तुमच्या यंत्राला अशी कंबर दाखवा.” मी आयुष्यात ऐकलेलं थ्रेशोल्डचं हे सगळ्यात स्वच्छ स्पष्टीकरण. कंबर वीस सेकंदांवर ठरली. लिंबू-मिरची तशीच राहू दिली. मामा म्हणतात गुण त्याचाच.

त्याच बैठकीत दुसरा विषय निघाला. एक नंबर मेला, दोन नंबरनं काम सांभाळलं, आणि मग एक नंबर उठून बसला. आता काय?

“त्याची जागा त्याला परत,” साहेब म्हणाले. “दोघांत तो नवा आहे. महाग आहे.”

“दुसरा चालतोय ना?” काका म्हणाले. “मग चालू द्या. हलवाहलवी केली की खर्च निघतो.”

मॅडम दारात उभ्या होत्या. “परत हलवाल तेव्हा मी गिऱ्हाइकाशी बोलत असेन तर?”

केबिन शांत. कारण टक् झालं की त्या क्षणाला चालू असलेले सगळे कॉल तुटतात. मोठ्या टेलिफोन जाळ्यांत केबल तुटली तर ५० मिलिसेकंदांत वाहतूक दुसऱ्या वाटेनं वळवतात आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण तिथे फक्त वाट बदलते. इथे वाटेच्या टोकाला बसलेलाच बदलतो, आणि दोन नंबरला एक नंबर कोणाशी काय बोलत होता याची काडीची कल्पना नसते. मॅडमचा मुद्दा सर्वांत वजनदार ठरला. परतीचा प्रवास आपोआप होणार नाही, रात्री नऊनंतर माणूस बटण दाबेल. माणूस कोण, ते मिनिट्समध्ये लिहायची कोणाला गरज वाटली नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण हल्ली २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीत नाशकात जिकडे तिकडे खोदकाम चालू आहे, आणि जेसीबीच्या दातांना केबल बरोबर सापडते. चारही लाइनी एकाच चरातून येतात, त्यामुळे चारही एका घासात गेल्या. डब्याच्या मूळ नियमांत एक कलम होतं: लाइनीवर सिग्नल नाही, तर सर्व्हर बदला. त्यानं बदलला. दोन नंबरलाही सिग्नल नाही. म्हणून परत एक. तिथेही नाही, म्हणून दोन. लाइन मेली आहे हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यातच येईना. तो आळीपाळीनं दोन्ही सर्व्हरांना दोष देत राहिला. मॅडमनी मला फोन केला, स्वतःच्या मोबाइलवरून. “आत कोणी टायपिंगच्या परीक्षेला बसलंय का?”

ते कलम काढलं. लाइन गेली तर डब्यानं हातपाय हलवायचे नाहीत, आणि काही झालं तरी तासात दोनदापेक्षा जास्त टक् करायचं नाही. माझ्या मते या जातीच्या यंत्रात सर्वांत उपयोगी सेटिंग हेच, आणि ते मॅन्युअलच्या शेवटून दुसऱ्या पानावर असतं.

मग प्रात्यक्षिक. साहेबांनी चार डीलर बोलावले, चिवडा मागवला. पिंपळगावच्या पाचव्या डीलरला मुद्दाम फोनवर धरून ठेवलं, साक्षीदार म्हणून. मी पुन्हा पुन्हा सांगत होतो की चालू कॉल तुटेल. “तुटू दे,” असं म्हणून साहेबांनी स्वतःच्या हातानं एक नंबरचा प्लग उपसला. सगळे कान देऊन उभे. वीस सेकंद फार मोठे असतात. चिवडा खाणाऱ्यानंसुद्धा चावणं थांबवलं होतं. टक्-टक्-टक्-टक्. लाल दिवे, मग एकेक करून हिरवे. पाठोपाठ घंटी. पिंपळगाववाल्यानं पुन्हा फोन लावला होता आणि मॅडमनी त्याला होल्डवर ठेवून साहेबांना दिला.

“लागला की!” साहेब म्हणाले.

“लागला,” तो म्हणाला. “पण तुमची सनई कुठं गेली? आज पियानो वाजवताय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एक नंबरवर होल्डला सनई आहे, साहेबांच्या मुलीच्या लग्नात वाजलेली. रोज रात्री दोन नंबरवर नक्कल होते ती सेटिंग्जची. सनई त्यात जात नाही. तिथे प्रोग्रॅमबरोबर फुकट आलेला पियानो आहे.

“उद्या दोन नंबरवरही सनई टाका.”

“अजिबात नाही,” मॅडम म्हणाल्या. साहेबांना ‘अजिबात नाही’ म्हणणारी कंपनीत ही एकच व्यक्ती. “डब्याचे दिवे आतल्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली यांच्याकडे आणि हे लग्नात. कोण चालू आहे ते मला कळतं ते पियानोवरून.” त्यांनी टेबलावरची वही उघडून पुढे केली. बॅकअपच्या काळापासूनच्या नोंदी होत्या, तारीखवार. ‘सकाळी आल्यावर पियानो.’ ‘जेवणानंतर सनई.’ ‘पियानो, सनई, पियानो, मग काहीच नाही (जेसीबी).’ माझ्या डब्याच्या लॉगपेक्षा ती वही जास्त नेमकी होती, आणि वाचायला सोपी.

साहेबांनी दोन पानं चाळली, वही मिटली आणि पियानोला परवानगी दिली. फक्त आवाज थोडा कमी ठेवा म्हणाले, गिऱ्हाइकांना हॉटेलात फोन लागल्यासारखं वाटतं.